नाथसागराच्या वाटेवरचे अदृश्य प्रदूषण

खाम नदीचा काठ स्वच्छ होत आहे. मात्र पाण्यात विरघळलेली संप्रेरक-विघातक रसायने डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला जाणवत नाहीत आणि नेहमीच्या सरकारी चाचण्यांतही शोधली जात नाहीत. त्यांची पहिली झळ बसते ती माशांना.

छत्रपती संभाजीनगर शहराची तहान पैठणच्या नाथसागरातून भागते. जायकवाडी धरणाच्या या जलाशयातील पाणी सुमारे ४० किलोमीटर लांबीच्या जलवाहिन्यांतून शहरात आणले जाते, घराघरांत वापरले जाते आणि सांडपाणी होऊन पुन्हा वाहू लागते. त्यातील मोठा भाग नाल्यांवाटे आणि कांचनवाडीच्या प्रक्रिया केंद्रातून खाम नदीत उतरतो. जटवाड्याच्या डोंगररांगांत उगम पावणारी, हर्सूलवरून येऊन पाणचक्कीजवळून वाहणारी आणि पुढे वाळूज परिसरातून जाणारी ही नदी अखेर नाथसागरालाच मिळते. म्हणजेच शहर ज्या जलाशयातून पाणी उचलते, त्याच जलाशयाला ते आपले सांडपाणी परत करते.

या चक्रातील घाण, दुर्गंधी आणि प्लास्टिक यांची चर्चा अनेक वर्षे होत आली आहे. तथापि, प्रदूषणाचा एक प्रकार असा आहे की, ज्याने पाण्याचा रंग बदलत नाही, फेस येत नाही आणि मासे मरून काठाला लागत नाहीत. मासे जिवंत राहतात, पोहतात, खातात. परंतु त्यांची पुढची पिढी जन्माला येत नाही. शास्त्रज्ञ या प्रदूषणाला कारणीभूत असणाऱ्या द्रव्यांना संप्रेरक-विघातक रसायने म्हणतात.

खोटी किल्ली

प्राण्यांच्या शरीरातील अंतःस्रावी ग्रंथी अत्यल्प प्रमाणात संप्रेरके, अर्थात हॉर्मोन्स, रक्तात सोडतात. वाढ केव्हा व्हावी, अंडी केव्हा तयार व्हावीत, बेडकाच्या पिलाची शेपटी गळून पाय केव्हा फुटावेत, हे सारे या संप्रेरकांच्या आदेशाने ठरते. पेशींवर अथवा पेशींच्या आत या संप्रेरकांसाठी विशिष्ट ग्राहक असतात. कुलपाला किल्ली बसावी तसे संप्रेरक ग्राहकाला बसते आणि पेशीचे काम सुरू होते.

काही मानवनिर्मित रसायनांचे रेणू या किल्लीशी साधर्म्य राखतात. ते ग्राहकात शिरून चुकीच्या वेळी चुकीचा आदेश देतात, किंवा कुलपात अडकून बसल्याने खऱ्या किल्लीला जागाच उरत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात विंगस्प्रेड येथे जुलै १९९१ मध्ये थिओ कोलबॉर्न यांच्या पुढाकाराने भरलेल्या शास्त्रज्ञांच्या बैठकीत या प्रश्नाला प्रथम स्वतंत्र नाव मिळाले. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करणारी किंवा तसा संशय असणारी सुमारे ८०० रसायने आहेत.

इतर विषांपेक्षा ही रसायने तीन बाबतींत वेगळी ठरतात. पहिली बाब म्हणजे त्यांचा परिणाम अत्यल्प मात्रेतही होतो, कारण मूळ संप्रेरकेच अत्यल्प मात्रेत काम करतात. दुसरी बाब वेळेची. अंड्यातील गर्भ किंवा नुकतेच बाहेर आलेले पिलू यांच्यावर झालेला परिणाम पुढे पाणी स्वच्छ झाले तरी कायम राहू शकतो. तिसरी बाब मिश्रणाची. एकेकटे रसायन निरुपद्रवी वाटावे इतके कमी असले, तरी एकाच ग्राहकावर काम करणाऱ्या अनेक रसायनांची बेरीज घातक ठरते.

ब्रिटनच्या नद्या, कॅनडाचे सरोवर

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी प्रक्रिया केंद्रांलगतच्या पाण्यात धड नर नाहीत आणि धड मादी नाहीत असे रोच जातीचे मासे आढळू लागले. पुढे जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रक्रिया केंद्रांच्या पाण्यात पिंजऱ्यांतून ट्राउट मासे ठेवले. काही आठवड्यांतच नरांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन हे प्रथिन मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. हे प्रथिन म्हणजे अंड्यातील बलकाचा कच्चा माल. ते मादीच्या यकृतात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या आदेशाने तयार होते. नराच्या रक्तात ते आढळणे याचा अर्थ एकच होता, पाण्यात इस्ट्रोजेनसारखे काहीतरी मिसळलेले होते. हे संशोधन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. सुझन जॉबलिंग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नद्यांवरील ५१ पैकी ४४ ठिकाणी नर माशांच्या वृषणांत स्त्री-ऊती किंवा अंडपेशी सापडल्या.

प्रथम संशय कारखान्यांवर होता. पाण्याचे सूक्ष्म पृथक्करण केल्यावर मात्र बहुतेक ठिकाणी मुख्य कारण माणसेच निघाली. मानवी मूत्रातून बाहेर पडणारी नैसर्गिक इस्ट्रोजेन आणि गर्भनिरोधक गोळ्यांमधील एथिनिल इस्ट्राडायॉल हे कृत्रिम संप्रेरक यांचा त्यात मोठा वाटा होता. एअर नदीत मात्र लोकर धुण्याच्या उद्योगात वापरल्या जाणाऱ्या साबणी द्रव्यांपासून तयार होणारे नोनिलफेनॉल प्रमुख दोषी ठरले.

नराच्या शरीरात बदल झाले म्हणून माशांची संख्या खरोखरच घटते काय, हा प्रश्न तरीही उरला होता. त्याचे उत्तर कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील प्रायोगिक सरोवर क्षेत्रात मिळाले. कॅरेन किड यांच्या गटाने २००१ ते २००३ या तीन वर्षांच्या उन्हाळ्यांत तेथील एका सरोवरात एथिनिल इस्ट्राडायॉल सोडले. पाण्यातील त्याची पातळी लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम इतकीच ठेवली होती. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश भाग. तेवढ्यानेही फॅटहेड मिन्नो या लहान माशाचे नर मादीसारखी प्रथिने तयार करू लागले, माद्यांचे प्रजनन बिघडले आणि काही वर्षांतच हा मासा सरोवरातून जवळजवळ नाहीसा झाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनंतर पुढील अभ्यासात लहान माशांवर जगणाऱ्या मोठ्या ट्राउट माशांचीही घट दिसून आली. त्यांचे खाद्यच संपले होते.

या मात्रेची कल्पना येण्यासाठी एक साधे गणित पुरेसे आहे. नाथसागराची एकूण साठवण क्षमता सुमारे २,९०० दशलक्ष घनमीटर आहे. काठोकाठ भरलेल्या या जलाशयात लिटरला ५ नॅनोग्रॅम ही पातळी गाठण्यासाठी जेमतेम १५ किलो एथिनिल इस्ट्राडायॉल लागेल. प्रत्यक्षात ऊन, जिवाणू आणि गाळ यांच्यामुळे या रसायनाचा सतत नाश होत असल्याने हे गणित शब्दशः घ्यावयाचे नाही. परंतु ज्या समुद्रसदृश जलाशयाच्या विस्ताराकडे पाहून ‘एवढ्या पाण्यात थोड्याशा रसायनाने काय होणार’ असे वाटते, त्याच्यापुढे प्रश्न टनांचा नसून किलोंचा आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

घर, कारखाना आणि शेत

या रसायनांचे तीन प्रमुख उगम आहेत आणि तिन्ही या शहराच्या परिसरात एकत्र येतात.

पहिला उगम घराचा. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख होती आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. प्रत्येक माणसाच्या शरीरातून, पुरुष असो वा स्त्री, नैसर्गिक इस्ट्रोजेन बाहेर पडते. गर्भवती स्त्रीच्या शरीरातून ते कित्येक पटींनी अधिक पडते. गुरांच्या मलमूत्रातही ते असते. त्यात गोळ्यांमधील संप्रेरकांची भर पडते. शासनातर्फे दिल्या जाणाऱ्या ‘माला-एन’ या गोळीत एथिनिल इस्ट्राडायॉलचे प्रमाण ०.०३ मिलिग्रॅम असते. शरीरात त्याचा काही भाग नष्ट होतो हे खरे. पण सबंध गोळीतील मात्रा सहा हजार लिटर पाण्याला कॅनडातील प्रयोगाच्या पातळीवर नेण्याइतकी असते. याचा दोष गोळी घेणाऱ्या स्त्रीला देणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो सांडपाणी तसेच नदीत जाऊ देण्याचा. कपडे आणि फरशी धुण्याच्या काही द्रव्यांतून नोनिलफेनॉल, प्लास्टिकमधून थॅलेट आणि बिस्फेनॉल-ए ही रसायनेही याच वाटेने येतात.

दुसरा उगम उद्योगांचा. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे शहराचा विकास झाला. त्यांत औषधनिर्मितीचे कारखानेही आहेत. चिकलठाण्याजवळून वाहणारी सुखना नदी दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. म्हणजे शहराच्या पूर्वेचे पाणीही वळसा घेऊन गोदावरीतच पोहोचते. औषधांचे अवशेष सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून किती प्रमाणात निसटू शकतात, याचा धडा हैदराबादजवळील पाटणचेरूने दिला आहे. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या तेथील केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले. रुग्णाच्या रक्तात औषधाची जेवढी पातळी असते, त्याहून ही अधिक होती. ते औषध संप्रेरक नव्हते. परंतु प्रक्रिया केंद्रातून गेलेले पाणी औषधमुक्त असतेच असे नाही, हे त्यावरून सिद्ध झाले.

तिसरा उगम शेतीचा. नाथसागरात केवळ खामचे पाणी येत नाही. नाशिककडून येणारी गोदावरी आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरा व मुळा या नद्यांचे पाणीही त्यात जमा होते. वाटेत उसाचे विस्तीर्ण क्षेत्र आहे, तर संभाजीनगर जिल्ह्यात मक्याचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. या दोन्ही पिकांत तणनाशक म्हणून ॲट्राझिन वापरले जाते. अमेरिकेतील टायरोन हेस यांनी २००२ मध्ये ॲट्राझिनच्या अत्यल्प मात्रेने नर बेडकांच्या जननग्रंथींत विकृती निर्माण होत असल्याचे मांडले. त्यावर मोठा वाद झाला आणि तो दीर्घकाळ चालला. युरोपीय संघाने मात्र भूजलातील अवशेषांच्या कारणावरून २००४ मध्ये या तणनाशकाला मान्यता नाकारली. भारतात मे २०२० मध्ये ज्या २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला, त्यात ॲट्राझिनचाही समावेश होता. २०२३ मध्ये अंतिम आदेश निघाला, तेव्हा त्या २७ पैकी डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या तिघांवरच पूर्ण बंदी आली.

पाणी नसलेली नदी

ब्रिटनच्या नद्यांना बारमाही प्रवाह असतो. तेथे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात नदीचे स्वतःचे पाणी मिसळते आणि रसायनांची तीव्रता कमी होते. तरीही तेथील मासे बाधित झाले. खाम ही पावसाळी नदी आहे. दिवाळीनंतर तिचा नैसर्गिक प्रवाह आटत जातो आणि उन्हाळ्यात शहराखालच्या पात्रात जे वाहते ते प्रामुख्याने सांडपाणीच असते. ज्या काळात पाणी सर्वांत कमी आणि रसायनांची तीव्रता सर्वांत जास्त, तो काळ अनेक माशांच्या अंगी अंडी भरण्याचा असतो. रोहू, कटला, मृगळ यांसारखे मासे पावसाळ्याच्या प्रारंभी प्रजनन करतात. त्यांची तयारी त्याआधीच्या महिन्यांत होते.

कांचनवाडीच्या केंद्रात दररोज १६१ दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याची क्षमता आहे. अशा केंद्रांतील जिवाणू नैसर्गिक इस्ट्रोजेनचा बराच भाग नष्ट करतात, ही दिलासा देणारी बाब होय. परंतु एथिनिल इस्ट्राडायॉल त्यांना सहजासहजी दाद देत नाही. शिवाय या प्रक्रियेत एक विपरीत गोष्टही घडते. शरीर संप्रेरकाला बाहेर टाकताना त्याला साखरेसारख्या रेणूची जोड देऊन निष्क्रिय करते. गटारातील जिवाणू ही जोड तोडतात आणि संप्रेरक पुन्हा क्रियाशील होते. धुलाईच्या द्रव्यांचेही असेच होते. मूळ द्रव्य फारसे घातक नसते. ते अर्धवट कुजल्यावर नोनिलफेनॉल उरते. उरलेली बरीच रसायने गाळाला चिकटतात. हा गाळ खत म्हणून शेतात टाकल्यास त्यांचा प्रवास तेथून पुन्हा सुरू होऊ शकतो.

मोजले जाते ते आणि न मोजले जाणारे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरविले. त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या देशात सर्वाधिक होती. ही निवड जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी, या एकाच निकषावर झाली होती. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविण्यासाठी किती प्राणवायू लागेल, हे बीओडीवरून समजते. मैलापाण्याचा अंदाज घेण्यासाठी हा निकष उत्तम आहे. परंतु लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलेले संप्रेरक त्याला दिसणे शक्य नाही. बीओडी प्रमाण मर्यादेत असलेले पाणी माशांच्या प्रजननास घातक असू शकते, कारण हा निकष मिलिग्रॅममध्ये मोजतो आणि संप्रेरक त्याच्या लाखो पटींनी कमी मात्रेत काम करते.

नियमांमध्येही हीच उणीव आहे. औषध उद्योगांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांचे किती अवशेष चालतील, याच्या मर्यादा जानेवारी २०२० च्या मसुद्यात होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या वगळण्यात आल्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत ॲट्राझिनसह काही कीडनाशकांच्या मर्यादा आहेत, पण इस्ट्रोजेनची नाही. युरोपीय संघाने मात्र २०२२ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी जी निरीक्षण यादी तयार केली, तिच्यात पहिली दोन नावे इस्ट्राडायॉल आणि नोनिलफेनॉल यांचीच होती.

कोणाचे काय पणाला लागले आहे?

जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तेथे फ्लेमिंगोंसह असंख्य स्थलांतरित पक्षी येतात. पाणकावळे, बगळे, करकोचे यांचे जीवन तेथील माशांवर अवलंबून आहे. जलाशयाच्या काठी राहणारी भोई व कहार समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत आली आहेत. जाळ्यात मासे कमी लागले की अवर्षण, अतिमासेमारी, तिलापियासारख्या परक्या माशांचा शिरकाव अशी कारणे सांगितली जातात आणि ती खरीही असतात. मात्र प्रजननच मंदावले असेल, तर ते जाळे टाकून समजत नाही. पकडलेला मासा धडधाकटच दिसतो. उणीव असते ती न जन्मलेल्या माशांची.

नळाचे पाणी पिणाऱ्या नागरिकांनी यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. मासा चोवीस तास त्याच पाण्यात राहतो आणि कल्ल्यांवाटे ते सतत शरीरात घेतो. माणूस दिवसाकाठी दोन-तीन लिटर पितो. माणसाच्या शरीरात ही रसायने अन्न आणि प्लास्टिक यांच्यावाटे अधिक जातात. तरीही फारोळा येथील जलशुद्धीकरण केंद्रासारख्या व्यवस्थेत तुरटी, वाळूचे थर आणि क्लोरीन यांचा उद्देश गढूळपणा आणि रोगजंतू दूर करणे हा असतो, संप्रेरके काढणे हा नव्हे. जे पाणी शुद्ध करावयाचे ते मुळात कमी दूषित असणे, हाच खरा बचाव आहे.

उपाय आवाक्यातले

खाम नदीच्या पुनरुज्जीवनाची मोहीम महापालिका, छावणी परिषद, उद्योग आणि नागरिक यांच्या सहभागाने २०२१ पासून जोमाने सुरू झाली. कचऱ्याने भरलेले काठ मोकळे झाले, झाडे लागली, लोक नदीकडे पुन्हा येऊ लागले. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या जागतिक पुरस्काराच्या अंतिम फेरीपर्यंत या कामाची दखल घेतली गेली. दिसणारी घाण काढण्याचे काम ज्या शहराने करून दाखविले, त्याला न दिसणाऱ्या घाणीकडे वळणे अशक्य नाही.

पहिली पायरी मोजण्याची आहे आणि ती महागडी असण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये वापरलेली पिंजऱ्यातील माशांची पद्धत येथेही अवलंबिता येईल. हर्सूलच्या वरच्या अंगाला, कांचनवाडीच्या खाली आणि खाम जेथे जलाशयाला मिळते तेथे नर मासे ठेवून त्यांच्या रक्तातील व्हायटेलोजेनिन तपासले, तर एकेका रसायनाचा शोध न घेताही पाणी माशांशी कसे वागते हे कळू शकेल. शहरात १९५८ पासून विद्यापीठ आहे, त्याचा प्राणिशास्त्र विभाग आहे. कांचनवाडीतच जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे वाल्मी, आहे. मनुष्यबळ आणि ज्ञान येथेच उपलब्ध आहे.

दुसरी पायरी प्रक्रियेची. स्वित्झर्लंडने २०१६ पासून मोठ्या सांडपाणी केंद्रांना ओझोन किंवा सक्रिय कोळशाचा जादा टप्पा जोडण्यास प्रारंभ केला. युरोपीय संघाचा नवा सांडपाणी कायदा १ जानेवारी २०२५ रोजी लागू झाला. त्यानुसार या जादा टप्प्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधने बनविणाऱ्या कंपन्यांनी सोसावयाचा आहे. आपल्याकडे त्याआधी करण्याजोगे पुष्कळ आहे. प्रत्येक नाला प्रक्रिया केंद्राला जोडणे, केंद्रे पूर्ण क्षमतेने चालविणे, सांडपाण्याला जिवाणूंच्या टाकीत पुरेसा वेळ मिळेल हे पाहणे, औषध कारखान्यांचे सांडपाणी सामायिक केंद्रात मिसळण्यापूर्वी वेगळे हाताळणे, ही कामे जुन्याच यंत्रणेत होऊ शकतात. मुदत संपलेली औषधे शौचकुपात टाकण्याऐवजी परत घेण्याची सोय औषध दुकानांतून झाली, तर घरांचाही वाटा कमी होईल.

कॅनडातील त्या सरोवराच्या कथेचा शेवट येथे लक्षात घेण्यासारखा आहे. संप्रेरक सोडणे थांबविल्यावर काही वर्षांत तेथील लहान मासे पुन्हा वाढले आणि त्यांची संख्या पूर्ववत झाली. म्हणजे ही हानी भरून येऊ शकते. अट एकच, रसायनांचा ओघ थांबला पाहिजे. खाममधून मात्र तो रोज नाथसागराकडे जातच असतो. त्याची मोजदाद माशांच्या रक्तात आताच करावयाची की पुढे रिकाम्या जाळ्यांवरून, हे शहराला ठरवावे लागेल.